अर्धवट विजेचा बंदोबस्त : ठिबक कंट्रोलरच्या प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर

सकाळी सहाला मामांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कंट्रोलरचा डिस्प्ले, काचेवर दव आणि वेळेच्या जागी ४५:१६५:८५. खाली एकच ओळ : "हे किती वाजले म्हणायचे?"

लगेच फोन केला. दोन नंबरचा व्हॉल्व्ह रात्री अकराला सुरू झाला, तो बंदच झाला नाही. रात्रपाळीची लाईट, मोटर ऑटोस्टार्टरवर. मामी पहाटे दूध काढायला उठल्या तेव्हा कुठे कळलं. त्या तुकड्यात ओळींमधून पाणी उभं आहे. द्राक्षाचे मणी आत्ता वाटाण्याएवढे आहेत म्हणून निभावलं. मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत असं झालं असतं, तर घड तडकले असते आणि वर्षाची मेहनत गेली असती.

मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू केलंयस म्हणून मी रात्री झोपतो रे." हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

बोर्ड दोन वर्षांपूर्वी मीच बनवलेला. मेंदू म्हणजे एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलर, १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टल. वेळेसाठी डीएस १३०७ ही घड्याळाची चिप. पॉवरला ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारा), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५, म्हणजे पाच व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप. पाच व्होल्टचे चार रिले, त्यातले एका वेळी दोन चालतात : मुख्य व्हॉल्व्ह आणि त्या तुकड्याचा व्हॉल्व्ह. वेळापत्रक एटीमेगाच्या ईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत. रिसेटच्या (चिप पहिल्यापासून सुरू करणाऱ्या) पायावर १० के, म्हणजे किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बस. या "बस"मध्येच गोम असावी, असं आत्ता लिहिताना वाटतंय.

४ डिसेंबर

दुपारी दिंडोरीला जाऊन बोर्ड काढून आणला. तोवर व्हॉल्व्ह हाताने चालू-बंद करायचे, मामांनी कबूल केलं.

रात्री ४५:१६५:८५ चा उलगडा झाला. डीएस १३०७ वेळ बीसीडीत देते, म्हणजे एका बाइटच्या दोन अर्ध्यांत दोन दशमान आकडे. चिपने उत्तरच दिलं नाही तर वाचणाऱ्याच्या हाती सगळे बिट एक असलेला बाइट येतो, २५५. त्याचं बीसीडी म्हणून गणित केलं की १५ गुणिले १० अधिक १५, म्हणजे १६५. ही झाली मिनिटं. तासांचे वरचे दोन बिट माझा प्रोग्राम झाकतो, म्हणून ४५. सेकंदांचा वरचा एक झाकतो, म्हणून ८५. म्हणजे घड्याळ चुकलेलं नव्हतं, ते बोलतच नव्हतं.

का बोलत नव्हतं, ते डेटाशीटमध्ये स्वच्छ लिहिलंय. पुरवठा बॅटरीच्या व्होल्टेजच्या सव्वा पटीखाली गेला की डीएस १३०७ स्वतःचं दार लावून घेते. वाचणं-लिहिणं बंद, आतलं घड्याळ बॅटरीवर चालू. बॅटरी ३ व्होल्टची, म्हणजे ३.७५ च्या आसपास. हे वागणं शहाणपणाचं आहे. वीज डळमळीत असताना कोणी आत चुकीचं लिहून जाऊ नये म्हणून तिने कडी घातली. माझ्या एटीमेगाला तेवढी अक्कल मी दिलेली नव्हती, तो तसाच चालत राहिला.

व्हॉल्व्ह बंद न होण्याचं कारण माझ्या प्रोग्राममध्ये सापडलं. "तास आणि मिनिट बंद करायच्या वेळेइतके आहेत का" एवढंच तो पाहतो. नेमक्या त्या मिनिटाला घड्याळ गप्प असलं की ती वेळ निघून जाते आणि पुढच्या रात्रीपर्यंत परत येत नाही. हे आजच बदललं : सुरू झाल्यापासून किती मिनिटं झाली, ते एटीमेगाच्या स्वतःच्या टायमरवर मोजायचं, आणि अशक्य वेळ दिसली तर व्हॉल्व्ह बंद.

आणखी एक गोष्ट दिसली, ती जास्त गंभीर. ईप्रॉम वाचून काढलं. तीन नंबरच्या व्हॉल्व्हचा कालावधी मामांनी ३० मिनिटं ठेवला होता. तिथे २५५ आहे. म्हणजे सव्वाचार तास. पुसलेला आणि पुन्हा न लिहिलेला बाइट २५५ च वाचला जातो. पण त्या बाइटला प्रोग्राम रोज हातही लावत नाही. दर पाच मिनिटांनी जे लिहितो ते "आज किती पाणी दिलं" याचं खातं, आणि ते दुसऱ्या पत्त्यावर आहे.

६ डिसेंबर

सातपूरला कारखान्यातला डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) सुट्टीच्या दिवशी वापरायला मिळाला. बोर्ड त्याच्यावर जोडला, दोन रिले आणि डिस्प्लेचा दिवा चालू, एकूण २०० मिलिअँपियरच्या आसपास. स्कोपचा (व्होल्टेजची रेघ काढून दाखवणाऱ्या यंत्राचा) एक प्रोब ७८०५ च्या पुढे, एक मागे. आणि २३० पासून हळूहळू खाली आलो.

१५० व्होल्टपर्यंत पाच व्होल्टची रेघ जवळजवळ सपाट. १४० ला रेघेत दऱ्या दिसू लागल्या, सेकंदाला शंभर, तळ ३.५ व्होल्टवर. १३० ला तळ २.९. मीटरवर मात्र सरासरी चार-सव्वाचार दिसतं आणि "थोडं कमी आहे, पण आहे" असं वाटतं. मी दोन वर्षांपूर्वी मीटरच लावून पाहिलं होतं.

१४० व्होल्टला डिस्प्ले ४५:१६५:८५ दाखवू लागला. तिथेच थांबून स्कोपकडे बराच वेळ बघत बसलो. दर दहा मिलिसेकंदांनी चिप गुदमरते, श्वास घेते, परत गुदमरते. रिले मात्र ओढलेलेच राहतात, कारण एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला फार कमी व्होल्टेज लागतं. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला सगळं चालू आहे असंच दिसतं.

एटीमेगाचा हिशेब असा. २.७ व्होल्टला ती १० मेगाहर्ट्झपर्यंत भरवशाची, ४.५ ला २० पर्यंत. मधल्या सरळ रेषेवर १६ मेगाहर्ट्झला ३.७८ व्होल्ट लागतात. त्याखाली ती काय करेल याची हमी बनवणारा देत नाही. चिपच्या आत ब्राऊन-आउट डिटेक्टर आहे, म्हणजे व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की चिपला रिसेटमध्ये झोपवणारा; तो फ्यूज बिटांनी (चिपच्या कायमच्या सेटिंगनी) १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्टवर बसवता येतो. माझा २.७ वर होता, तयार बोर्डांवर असतो म्हणून तसाच उचललेला. म्हणजे ३.७८ ते २.७ हा पूर्ण एक व्होल्टचा पट्टा असा की चिपला झेपत नाही आणि तिला कोणी झोपवतही नाही. डिमरस्टॅटवरचे १४० आणि १३० व्होल्ट बरोबर त्या पट्ट्यात उतरतात. कमी व्होल्टेजला ईप्रॉममधला मजकूर बिघडू शकतो, हा इशाराही त्याच डेटाशीटमध्ये आहे.

रिसेटवरचा १० के आणि ०.१ मायक्रोफॅरडचा जोड इथे निरुपयोगी. तो फक्त शून्यापासून वीज आली तरच काम करतो. वीज पाचवरून तीनवर येऊन परत पाचवर गेली, तर त्याला काही घडल्याचं कळतही नाही.

वीज पूर्ण गेली तर यंत्राला काही होत नाही. पूर्ण आली तरी काही होत नाही. घात होतो तो अर्धवट विजेत.

७ डिसेंबर

सोपा उपाय आधी : ब्राऊन-आउट ४.३ वर नेला. डिमरस्टॅटवर ताबडतोब फरक. १५० च्या जरा खाली एटीमेगा झोपते, रिले सुटतात. ४५:१६५:८५ एकदाही दिसलं नाही.

इथेच थांबावं का, यावर संध्याकाळभर विचार केला. नाही थांबलो, त्याची कारणं लिहून ठेवतो. ४.३ चा उंबरठा प्रत्यक्षात ४.१ ते ४.५ मध्ये कुठेही असू शकतो, आणि डीएस १३०७ ला कामासाठी ४.५ लागतात. एटीमेगा जागी आणि घड्याळ हमीबाहेर, असा एक पट्टा उरतोच. दुसरं, प्रोग्राम कुठे अडकला तर बाहेरून धक्का द्यायला कोणी नाही. आतला वॉचडॉग (प्रोग्रामने ठरलेल्या वेळात खूण दिली नाही तर रिसेट देणारा) आहे, पण तो त्याच चिपवर, त्याच आजारी विजेवर. तिसरं आणि मोठं : झोपवायच्या आधी सूचना मिळत नाही. ईप्रॉममध्ये एक बाइट लिहायला सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात. लिहिता लिहिता रिसेट आला तर लिखाण पूर्ण होतं, पण वीज पुरेशी असेल तरच, आणि आपल्याकडे तीच अट मोडते.

माणसाला काम आवरायला दोन मिनिटं द्यावी लागतात, तसंच इथे.

९ डिसेंबर

चिप ठरवली. या कामाच्या चिपांना सुपरवायझर म्हणतात आणि काम खरंच मुकादमाचं आहे : पुरवठ्यावर नजर ठेवायची, उंबरठ्याखाली गेला की प्रोसेसरचा रिसेट खाली धरायचा, आणि पुरवठा सुधारल्यावरही लगेच सोडायचा नाही.

सगळ्यात साधी मॅक्स ८०९. तीन पाय : ग्राउंड, रिसेट, पुरवठा. नावापुढच्या अक्षरावरून उंबरठा ठरतो. एल म्हणजे ४.६३, एम ४.३८, जे ४.००, टी ३.०८, एस २.९३, आर २.६३. दुकानात नुसती "८०९ द्या" म्हणून चालत नाही, अक्षर सांगावं लागतं. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर कोणी चुकून एल लावली, तर तो बोर्ड जन्मभर रिसेटमध्ये राहील. रिसेट किमान १४० मिलिसेकंद धरते.

मला मात्र आधी इशारा देणारी हवी आहे, म्हणून मॅक्स ७०५. आठ पाय, डिप पॅकेजमध्ये मिळते, त्यामुळे झीरो बोर्डवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) बेस लावून बसवता येते. आत चार गोष्टी आहेत. पहिली, ४.६५ व्होल्टचा उंबरठा आणि २०० मिलिसेकंदांचा रिसेट. दुसरी, १.६ सेकंदांचा वॉचडॉग. तिसरी, हाताने रिसेट द्यायचा पाय. चौथी, १.२५ व्होल्टवर तुलना करणारा वेगळा कंपॅरेटर, जो ७८०५ च्या आधीच्या कच्च्या डीसीवर लावायचा. चौथीसाठीच ही निवड.

हिची जुळी मॅक्स ७०६, उंबरठा ४.४०. दोघींमधली निवड अशी केली : ७०५ चा उंबरठा ४.५० ते ४.७५ मध्ये. खालची मर्यादा ४.५०, म्हणजे डीएस १३०७ ची गरज बरोबर भागते. वरची ४.७५, आणि ७८०५ साधारण तापमानाला ४.८ च्या खाली जात नाही. वाईटात वाईट धरलं तर ५० मिलिव्होल्टचं अंतर उरतं. कमी आहे. माझ्या बोर्डावरच्या ७८०५ चं मोजलं, ४.९८ भरलं. चालेल. पण दहा बोर्ड करायचे असते, तर प्रत्येकाचं मोजल्याशिवाय दिले नसते.

ही चिप मूळ मॅक्सिमची. ॲनालॉग डिव्हायसेसची एडीएम ७०५ हीसुद्धा त्याच पायांची. २०२१ मध्ये मॅक्सिमच ॲनालॉगकडे गेली, तेव्हा आता दोघी एकाच घरात नांदतात. मिळेल ती घ्यायची.

११ डिसेंबर

नाशिकच्या एम. जी. रोडला मिळाल्या नाहीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून सहा मागवल्या.

बसवण्याआधी प्रत्येक तपासली. बेंच सप्लाय ५ वरून शंभरांश व्होल्टच्या पायऱ्यांनी खाली आणायचा आणि रिसेट कधी पडतो ते लिहायचं. पाच चिपा ४.६२ ते ४.६८ मध्ये पडल्या. सहावी ४.४१ ला. चाचणी पुन्हा केली, पुन्हा ४.४१. भिंगाखाली तिरक्या उजेडात धरली तेव्हा पुसट छपाईतला शेवटचा आकडा दिसला : ६. एकाच नळीतून ७०५ मध्ये ७०६ मिसळून आली होती. ती वेगळ्या डबीत ठेवली, वर चिठ्ठी लावली. ही दहा मिनिटांची तपासणी सोडू नये असं मनापासून वाटतं. राखणदारच चुकीच्या उंबरठ्यावर बसला, तर पुढचं सगळं गणित त्याच्यावर रचलेलं असतं.

जोडणी झाली. आणि प्रोग्राम टाकायला गेलो तर प्रोग्रामर एटीमेगाशी बोलेना. तासभर केबल तपासली. कारण साधं होतं : प्रोग्रामर रिसेटचा पाय खाली ओढतो आणि ७०५ चं आउटपुट त्याला जोराने वर धरून ठेवतं. ते ओपन-ड्रेन, म्हणजे फक्त खाली ओढणारं असतं तर ही झोंबाझोंबी झाली नसती. दोघांमध्ये १ के चा रेझिस्टर घातला. आता प्रोग्रामरला फार तर पाच मिलिअँपियर ओढावे लागतात. ७०५ खाली ओढते तेव्हा एटीमेगाच्या आतलं पुल-अप (पाय वर धरणारा रेझिस्टर) ३० ते ६० के असल्याने १ के आरामात जिंकतो. ७०५ च्या रिसेट पायावरून ग्राउंडला १०० के सुद्धा लावला, कारण पुरवठा १ व्होल्टखाली गेला की ती चिपसुद्धा शुद्धीवर नसते आणि तिचा पाय तरंगतो.

१२ डिसेंबर

वॉचडॉग. त्याचा इशारा हाताने-रिसेटच्या पायाला जोडला, म्हणजे प्रोग्रामने वेळेत टिचकी मारली नाही तर पूर्ण रिसेट. लावताच बोर्ड दर दोन सेकंदांनी पुन्हा सुरू होऊ लागला. सुरुवातीला डिस्प्लेवर बागेचं नाव दोन सेकंद दाखवतो, तेवढ्यातच वॉचडॉगची वेळ संपत होती. शिवाय १.६ ही मधली किंमत, कमीत कमी १.० सेकंद धरायला हवी. नाव पाऊण सेकंदावर आणलं.

टिचकी मुख्य चक्रात एकाच ठिकाणी ठेवली आहे, घड्याळ वाचून झालं आणि रिले ठरवून झाले की मगच. टायमरच्या इंटरप्टमध्ये (मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या तुकड्यात) ठेवणं सोपं असतं, पण मग मुख्य प्रोग्राम मेलेला असताना इंटरप्ट मात्र "सगळं ठीक" म्हणत राहतो.

१४ डिसेंबर

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात आवडीचा.

कच्च्या डीसीवरून ५६ के आणि १० के चा विभाजक, मधला बिंदू ७०५ च्या कंपॅरेटरला. १.२५ गुणिले ६.६, म्हणजे कच्चा डीसी ८.२५ व्होल्टखाली गेला की इशारा. इशाऱ्याचा पाय एटीमेगाच्या इंटरप्टला. कपॅसिटर १००० चा काढून २२०० मायक्रोफॅरडचा घातला.

इशारा ते रिसेट किती वेळ मिळतो? कच्चा डीसी ६.५ वर येईपर्यंत ७८०५ पाच व्होल्ट सांभाळतो असं धरलं, तर हाताशी पावणेदोन व्होल्ट. २२०० मायक्रोफॅरड गुणिले १.७५ भागिले २०० मिलिअँपियर : १९ मिलिसेकंद. मला ८ बाइट लिहायचेत, प्रत्येकी ३.३, म्हणजे जवळजवळ २७ मिलिसेकंद. पुरत नाही.

मोठा कपॅसिटर घेणार होतो. मग लक्षात आलं की २०० मधले पावणेदोनशे मिलिअँपियर रिले आणि दिवा खातात. इशारा आल्याबरोबर आधी रिले सोडायचे, दिवा विझवायचा, मग लिहायला बसायचं. उरलेला खर्च २५ मिलिअँपियर. तेच गणित पुन्हा : १५४ मिलिसेकंद. आठपट. कपॅसिटर तोच, फक्त कामांचा क्रम बदलला.

आणि व्हॉल्व्ह बंद होणं हेच तर संकटात करायचं पहिलं काम आहे. जे बागेसाठी बरोबर, तेच विजेसाठी बरोबर निघालं, याचा फार आनंद झाला. स्कोपवर पकडलं : इशारा पडतो, काही मायक्रोसेकंदांत रिलेचे पाय खाली, मग २७ मिलिसेकंदांची लिखाणाची पट्टी, मग बराच मोकळा वेळ, मग रिसेट.

वेळापत्रकाच्या आता दोन प्रती, प्रत्येकीला सीआरसी, म्हणजे मजकूर बिघडला तर कळवणारा पडताळणीचा आकडा.

१५ डिसेंबर

डिमरस्टॅट १७० वर ठेवला आणि बोर्ड टकटक टकटक वाजू लागला. रिले शिलाई मशीनसारखे.

इशारा आला, रिले सुटले. भार उतरल्यामुळे कच्चा डीसी वर गेला, इशारा गेला, रिले परत ओढले, डीसी खाली, परत इशारा. बागेत हे झालं असतं तर एका रात्रीत रिलेचे संपर्क जळाले असते आणि व्हॉल्व्हच्या कॉइल तापल्या असत्या.

आधी तीन मिनिटं थांबायची अट घातली. त्याने टकटक सावकाश झाली, गेली नाही, दर तीन मिनिटांनी तोच खेळ. खरा उपाय : भार नसताना डीसी किती वर आला ते मोजून, भार घातल्यावरही तो पुरेल याची खात्री करायची. विभाजकाचा तोच मधला बिंदू एटीमेगाच्या एडीसीलाही (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागालाही) दिला. वेगळा पार्ट लागला नाही.

१८ डिसेंबर

उंबरठे बेंचवर बसून ठरवण्यात अर्थ नव्हता, शेतावरची वीज कशी आहे ते कळायला हवं. गेल्या आठवड्यात मामींना सॉकेटात खोचायचा व्होल्टमीटर देऊन आलो होतो. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीने रोज तीन आकडे लिहिलेत. दुपारी २०५ ते २१५. रात्री दहाला १७२, १७५, १६८. पहाटे पाचला १४८, १३९, १५५, आणि एका चौकोनात १२६.

पहाटेचं कारण मामांनी सांगितलं. थंडीची लाट आली की पहाटे बागेला पाणी देतात, शेकोट्या पेटवतात, बाग गारठू नये म्हणून. निफाडकडे पारा उतरला की इकडेही सगळे एकाच वेळी मोटर सुरू करतात. सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू झाल्यावर तारेच्या शेवटच्या टोकाला काय उरणार? म्हणजे माझा बोर्ड सगळ्यात अशक्त असायचा तेव्हाच बागेला त्याची गरज सगळ्यात जास्त.

५६ के ने इशारा १७७ व्होल्टला येतो. मग रात्रीचं १७२ चं पाणीसुद्धा अडेल. ते चालणार नाही. ४७ के घातला : ७.१ व्होल्ट, म्हणजे मेन्स (लाईनचं व्होल्टेज) साधारण १६०. मिळणारा वेळ १५४ वरून ५३ मिलिसेकंदांवर आला, गरज २७ ची. जवळजवळ दुप्पट आहे, पुरे. परत सुरू व्हायला भाराशिवाय ९.८ व्होल्ट, सलग तीन मिनिटं, म्हणजे मेन्स १७५ च्या आसपास. १६० ते १२५ च्या मध्ये बोर्ड जागा असतो पण व्हॉल्व्ह बंद. १२५ खाली ७०५ त्याला पूर्ण झोपवते.

मामांना पहाटेचं पाणी हवं असेल तर? विचारलं. म्हणाले, "दीडशेला मोटरच तापते, ती चालवायचीच नसते. बंद राहिलं तर बरंच." तेव्हा हाच उंबरठा पक्का.

२१ डिसेंबर

बसवला. पेटीच्या तळाला मुंग्यांनी घर केलं होतं, ते साफ करून केबल आत येतात तिथल्या ग्लँड बदलल्या. बाकी विशेष नाही.

२९ डिसेंबर

आठ दिवसांच्या नोंदी वाचल्या. इशारा १४ वेळा, त्यातले १२ पहाटे चार ते सहामध्ये. पूर्ण रिसेट ३. वॉचडॉगमुळे रिसेट एकही नाही. वेळापत्रकाच्या दोन्ही प्रती शाबूत, सीआरसी बरोबर, तीन नंबरचा कालावधी ३० च्या ३०.

तक्रार एकच, मामींची. इशारा आला की डिस्प्लेवर इंग्रजीत काहीतरी येतं, दिवा विझलेला असतो, आणि बिघडलं की थांबलंय ते कळत नाही.

४ जानेवारी

डिस्प्लेच्या कंट्रोलरमध्ये आपली अक्षरं रचायला आठ जागा असतात, प्रत्येकी पाच बाय आठ ठिपके. "थांबा" ला चार पुरतात : थ, अनुस्वारासकट काना, ब, काना. थ चं वरचं वेटोळं पाच ठिपक्यांत बसवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. वहीच्या चौकटीच्या कागदावर सात वेळा काढला. शिरोरेषा चारही खणांत एकाच ओळीवर ठेवली, तरी खणांमध्ये बारीक फट दिसतेच, पण शब्द वाचता येतो. शब्दापुढे कच्चा डीसी नाही तर सरळ मेन्सचा अंदाज टाकला, कॅलेंडरवरच्या आकड्याशी ताडून बघता यावा म्हणून.

७ जानेवारी

काल रात्री मुक्काम दिंडोरीलाच. पहाटे पावणेपाचला पंपघरात गेलो. बाहेर शेकोट्यांचा धूर बागेवर आडवा पसरलेला, लांब कुठेतरी मोटरींचा आवाज. मामी मोबाइलचा टॉर्च पेटीवर धरून उभ्या होत्या. रिलेची एकच टक झाली, डिस्प्लेचा दिवा विझला.

"थांबा. १५२," त्यांनी मोठ्याने वाचलं, आणि चूल पेटवायला परत गेल्या.

पाच वाजून बावीस मिनिटांनी व्हॉल्व्ह आपणहून उघडला, उरलेली ११ मिनिटं पाणी देऊन बंद झाला.